झाडीपट्टी रंगभूमीवरील नट आणि त्याची रंगपार्श्वभूमी : एक चिकित्सा

प्रास्ताविक

मराठी रंगभूमीच्या इतिहासाची मांडणी सामान्यतः १८४३ साली सांगली येथे विष्णुदास भावे यांनी सादर केलेल्या 'सीतास्वयंवर' या नाटकापासून सुरू होते, संगीत रंगभूमीच्या वैभवकाळातून पुढे सरकते आणि अखेरीस मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक व प्रायोगिक नाटकांवर येऊन स्थिरावते. या मांडणीत ग्रामीण भागातील नाटकाच्या वाट्याला बहुधा दोनच प्रकरणे येतात. एक 'लोकरंगभूमी'चे, त्यात दशावतार, दंडार, तमाशा यांचा परामर्श घेतला जातो. दुसरे 'हौशी रंगभूमी'चे; त्यात १९५४ पासून सुरू झालेल्या राज्य नाट्यस्पर्धेचा प्रामुख्याने उल्लेख येतो. पूर्व विदर्भातील झाडीपट्टी रंगभूमी या दोहोंपैकी कोणत्याही प्रकरणात नीट बसत नाही. ती लिखित संहितेवर उभी आहे, म्हणून तिला केवळ लोकनाट्य म्हणता येत नाही. आणि ती परीक्षकांसाठी नव्हे तर तिकीट काढून रात्रभर बसणाऱ्या प्रेक्षकांसाठी आहे, म्हणून ती स्पर्धेच्या हौशी रंगभूमीतही सामावत नाही.

या अनिश्चिततेचा सर्वांत मोठा फटका बसला तो झाडीपट्टीच्या नटाला. त्याच्या अभिनयाविषयी शहरी समीक्षेत आढळणारी विशेषणे ठरावीक आहेत : 'भडक', 'अतिनाट्यमय', 'अप्रशिक्षित'. यांपैकी शेवटचे विशेषण विशेष विचार करण्यासारखे आहे. एखाद्या नटाने नाट्यशिक्षण देणाऱ्या संस्थेत पाऊल ठेवले नाही, याचा अर्थ त्याचे कोणत्याही प्रकारचे शिक्षण झालेले नाही, असा होतो काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे. झाडीपट्टीच्या नटामागे एक निश्चित रंगपार्श्वभूमी आहे. त्याच्या अभिनयाचे गुण आणि दोष हे दोन्ही त्या पार्श्वभूमीच्या संदर्भातच समजून घेता येतात. आणि आजची ठेकेदारी पद्धत ज्या पार्श्वभूमीच्या बळावर उभी आहे तिचीच झीज करीत आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

प्रदेश, हंगाम आणि प्रयोग

झाडीपट्टी म्हणजे झाडांचा, जंगलाचा प्रदेश. आजच्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांचा भाग या नावाने ओळखला जातो. यांपैकी गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपूरमधून, तर गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झाला. म्हणजे प्रशासकीय सीमा अलीकडच्या आहेत. बोली, धानशेती आणि उत्सव यांनी घडविलेली सांस्कृतिक एकता मात्र जुनी आहे.

या प्रदेशातील नाटकाचा हंगाम धानाच्या हंगामाशी बांधलेला आहे. धान घरात आले की हातात थोडा पैसा आणि थोडी सवड येते. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, पुढे शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात, आणि या निमित्ताने रात्री नाटक ठेवले जाते. हा क्रम साधारणपणे होळीच्या सुमारापर्यंत चालतो. गावातील प्रत्येक घरी पाहुणे येतात. नाटकाच्या निमित्ताने सोयरिकी जुळतात. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. नाटक हे येथे केवळ मनोरंजन नसून गावाच्या वार्षिक व्यवहाराचा भाग आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निर्णयानंतर बैलांच्या शर्यती बंद पडल्या आणि २०२१ च्या डिसेंबरमध्ये सशर्त परवानगी मिळेपर्यंत शंकरपट भरू शकले नाहीत; तरीही नाटक थांबले नाही. पट हे नाटकाचे निमित्त होते, कारण नव्हते, हे यावरून स्पष्ट होते.

प्रयोगाचे स्वरूपही लक्षात घेणे आवश्यक आहे. कापणी झालेल्या बांधीत किंवा गावालगतच्या मोकळ्या जागेत मंडप उभारला जातो. प्रेक्षकसंख्या शेकड्यांत नव्हे, तर अनेकदा हजारांत असते. नाटक रात्री उशिरा सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. रंगमंचावर रंगविलेले पडदे असतात, वरून सोडलेले ध्वनिक्षेपक असतात, बाजूला ऑर्गन, तबला आणि अन्य वाद्यांचा ताफा असतो. नाटकात गाणी असतातच. मध्यंतरी लावणीनृत्यही होते. बंदिस्त नाट्यगृहात अडीच तासांचा प्रयोग करणाऱ्या नटापुढील प्रश्न आणि या मंडपात उभ्या असलेल्या नटापुढील प्रश्न मुळातच वेगळे आहेत.

नटाच्या जडणघडणीचे स्रोत

झाडीपट्टीचा नट पारंपरिक अर्थाने गावाचा नट आहे. शेतकरी, शेतमजूर, शिक्षक, लहान दुकानदार, कारागीर अशा विविध व्यवसायांतील माणसे रंगमंचावर उभी राहतात आणि हंगाम संपला की आपापल्या कामाला लागतात. त्यांच्या जडणघडणीचे किमान चार स्रोत दाखविता येतात.

पहिला स्रोत दंडार हा आहे. दंडार हा झाडीपट्टीतील लोकनाट्यप्रकार असून त्यात गीत, नृत्य, सोंगे आणि संवाद यांचे मिश्रण असते. परंपरेने पुरुषच स्त्रीवेष घेऊन त्यातील स्त्रीभूमिका करतात. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि झाडीपट्टीच्या लोककलांविषयी केलेल्या मूलभूत कामामुळे हा प्रकार अभ्यासकांच्या नजरेत आला. दंडारीतून नटाला काय मिळते? मोकळ्या जागेत उभे राहून प्रेक्षकांचे लक्ष धरून ठेवण्याची सवय; ताल न सोडता अंग हलविण्याची शिस्त; आणि एका सोंगातून दुसऱ्या सोंगात सहज जाण्याची तयारी. ही सर्व कौशल्ये आंगिक अभिनयाची आहेत.

दुसरा स्रोत खडी गंमत. डफ आणि ढोलकीच्या साथीने शाहिराने उभ्याने सादर करावयाच्या या प्रकारात हजरजबाबीपणा हा मुख्य गुण मानला जातो. समोरच्याने टाकलेला शब्द झेलून त्याला नवे वळण देणे, गावातील ताज्या घटनेचा संदर्भ संवादात मिसळणे, प्रेक्षकांतून आलेल्या शेऱ्याला उत्तर देणे, हे खडी गंमतीत वावरलेल्या नटाला सहज साधते. झाडीपट्टीच्या नाटकातील विनोदी नटाची बैठक प्रामुख्याने येथली आहे.

तिसरा स्रोत भजन आणि कीर्तन. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९-१९६८) यांच्या प्रभावाने विदर्भातील खेडोपाडी खंजिरी भजनाची मंडळे उभी राहिली. लहानपणापासून सामूहिक भजनात बसलेल्या मुलाला सूर, श्वास आणि शब्दोच्चार यांची नकळत तालीम मिळते. याच्याच जोडीला सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांची परंपरा आहे. प्रेक्षकांना थेट उद्देशून एखादा विचार पटवून देणारी वाणी या परंपरेने घडविली. झाडीपट्टीच्या सामाजिक नाटकांत दारू, हुंडा, अंधश्रद्धा, शेतकऱ्याची कर्जबाजारी अवस्था यांवर येणारी दीर्घ भाषणे या वाणीशी नाते सांगतात.

चौथा स्रोत लिखित मराठी नाटक. महाराष्ट्रातील अन्य भागांतील गावोगावच्या हौशी मंडळांप्रमाणे येथील मंडळांनीही राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' (१९१९), आचार्य अत्रे यांचे 'लग्नाची बेडी' (१९३६) यांसारखी नाटके आपलीशी केली. शाळेतील शिक्षक हा या प्रक्रियेतील महत्त्वाचा दुवा होय. संहिता मिळविणे, ती उतरवून काढणे, पाठांतर करून घेणे, उच्चार सुधारणे ही कामे गावात तोच करू शकत होता. रोवणी आटोपल्यानंतर आणि कापणीला हात लागण्यापूर्वी मिळणाऱ्या सवडीत संध्याकाळच्या तालमी होत. या तालमी हीच गावाची नाट्यशाळा होती.

हे चार स्रोत एकत्र पाहिले तर 'अप्रशिक्षित' हे विशेषण टिकत नाही. येथील नटाचे शिक्षण झालेले आहे; मात्र ते संस्थेतून न होता सहभागातून झाले आहे. त्याला प्रमाणपत्र नाही आणि त्याची लेखी नोंदही नाही. शहरी समीक्षेने नोंदीच्या अभावाला शिक्षणाचा अभाव समजण्याची चूक केली, असे म्हणावे लागते.

अभिनयाचे व्याकरण

भरताच्या नाट्यशास्त्रात लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असे प्रयोगाचे दोन धर्म सांगितले आहेत. लोकव्यवहाराचे अनुसरण करणारा तो लोकधर्मी. रंगमंचीय संकेतांवर उभा असलेला तो नाट्यधर्मी. झाडीपट्टीच्या नाटकाचा विषय बहुधा कौटुंबिक किंवा सामाजिक, म्हणजे लोकव्यवहारातला असतो; परंतु त्याचा अभिनय नाट्यधर्मी असतो. समीक्षेची गफलत येथे होते. विषय वास्तववादी आहे म्हणून अभिनयही वास्तववादी असावा, अशी अपेक्षा धरली जाते आणि ती पूर्ण न झाल्याने अभिनय 'भडक' ठरतो.

या अभिनयाचे काही संकेत तपासून पाहता येतील. पहिला संकेत ध्वनिक्षेपकाचा. रंगमंचावर वरून सोडलेले ध्वनिक्षेपक ठरावीक ठिकाणी असतात. संवाद म्हणावयाचा तर नटाला त्या ठिकाणी यावे लागते. परिणामी रंगमंचाचे 'बोलण्याच्या जागा' आणि 'न बोलण्याच्या जागा' असे विभाजन होते. अनुभवी नट या बंधनाचा उपयोग करून घेतो. बोलण्याच्या जागेकडे येताना तो संवादाची पूर्वतयारी देहबोलीतून करतो, आणि बोलून झाल्यावर दूर जाताना त्या संवादाचा परिणाम दाखवितो. नवखा नट मात्र ध्वनिक्षेपकाखाली येऊन उभा राहतो आणि बोलणे संपेपर्यंत हलत नाही. दोघेही एकाच बंधनात वावरतात. एकाला दंडारीचे अंग मिळालेले असते, दुसऱ्याला नसते.

दुसरा संकेत प्रॉम्प्टरचा. झाडीपट्टीच्या प्रयोगात प्रॉम्प्टरला असाधारण महत्त्व आहे. हंगामात नटाला एकापाठोपाठ एक वेगवेगळी नाटके करावी लागतात. त्यामुळे संपूर्ण पाठांतर अनेकदा शक्य होत नाही. विंगेतून आलेला शब्द ऐकणे, तो समजून घेणे आणि मग उच्चारणे यांत काही क्षण जातात. हे क्षण भरून काढणे ही एक स्वतंत्र कला आहे. जाणता नट तेथे निःश्वास टाकतो, समोरच्या पात्राकडे रोखून पाहतो, दोन पावले चालतो. ऑर्गनवादक त्याला एखाद्या स्वराने साथ देतो. प्रेक्षकांना हा विराम भावनेचा वाटतो. मात्र या पद्धतीची मर्यादाही तितकीच खरी आहे. शब्द बाहेरून येत असल्याने नट पुढच्या वाक्याकडे लक्ष ठेवून असतो. समोरचे पात्र काय बोलत आहे, याकडे त्याचे दुर्लक्ष होते. परस्परांना प्रतिसाद देणारा अभिनय विरळ होतो आणि नाटक स्वगतांची मालिका बनण्याचा धोका उत्पन्न होतो.

तिसरा संकेत पुनरुक्तीचा. रात्रभर चालणाऱ्या प्रयोगात प्रेक्षक येत-जात असतात, मुले झोपतात, चहासाठी माणसे उठतात. म्हणून कथानकातील महत्त्वाची गोष्ट एकदा सांगून भागत नाही. नट ती वेगवेगळ्या भावात पुन्हा सांगतो. बंदिस्त नाट्यगृहात हा दोष ठरेल. मंडपात ती प्रयोगाची गरज आहे.

चौथा संकेत थेट संबोधनाचा. दुःखाच्या परमोच्च क्षणी झाडीपट्टीचा नट समोरच्या पात्राकडे पाठ करून प्रेक्षकांकडे वळतो. वास्तववादी अभिनयाच्या दृष्टीने हा भ्रमभंग आहे. परंतु कीर्तन आणि जलसा यांत वाढलेल्या नटाला प्रेक्षक हा नाट्यव्यवहाराबाहेरचा वाटत नाही. त्याच्यासमोर बसलेल्या माणसांपैकी अनेकांना तो नावाने ओळखतो. दारूमुळे उद्ध्वस्त झालेल्या घराचे चित्र रंगविताना ते घर प्रेक्षकांत बसलेले असण्याची शक्यता असते. अशा वेळी प्रेक्षकांकडे वळणे ही नैतिक कृती ठरते.

अर्थात, हे संकेत समजून घेतल्याने प्रत्येक अभिनय चांगला ठरत नाही. संकेतांचे ज्ञान आणि संकेतांची सवय यांत फरक आहे. आवाज चढविणे हे जेव्हा अर्थासाठी न होता टाळीसाठी होते, तेव्हा मंडपातील प्रेक्षकही ते ओळखतो. समीक्षेचे काम हा फरक दाखविणे हे आहे. संपूर्ण परंपरेलाच एका शब्दात निकालात काढणे हे नाही.

बोली आणि भूमिकांची उतरंड

नटाच्या पार्श्वभूमीचा सर्वांत जिव्हाळ्याचा भाग म्हणजे त्याची बोली. झाडीबोलीत प्रमाण मराठीतील ण, ळ, श, ष यांसारखे उच्चार आढळत नाहीत. 'ण'च्या जागी 'न', 'श'च्या जागी 'स' असे उच्चार होतात. झाडीपट्टीच्या नाटकात या बोलीला स्थान आहे. पण ते बहुतांशी विनोदी पात्रापुरते. नायक, नायिका, खलनायक, करारी बाप, सोशिक आई ही पात्रे प्रमाण मराठीत बोलतात, आणि गडी, भोळा शेजारी किंवा इरसाल म्हातारा यांच्या तोंडी झाडीबोली येते.

या विभागणीचे परिणाम दूरगामी आहेत. ज्या भाषेत नट घरी रडतो त्या भाषेत त्याला रंगमंचावर रडता येत नाही. गंभीर भूमिका करावयाची तर त्याला प्रथम आपले उच्चार लपवावे लागतात. त्याचा बराचसा प्रयत्न 'ण' आणि 'ळ' सांभाळण्यात खर्ची पडतो व संवादफेकीला एक प्रकारचा ताठरपणा येतो. शहरी समीक्षकाला जो कृत्रिमपणा खटकतो त्याचे एक मूळ येथे आहे. याउलट विनोदी नट आपल्याच बोलीत वावरत असल्याने तो मोकळा असतो, उत्स्फूर्त असतो, आणि प्रेक्षकांचा सर्वाधिक लाडका असतो. विनोदी भूमिकांसाठी विशेष लोकप्रिय असलेले ज्येष्ठ नट डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला. हा झाडीपट्टी रंगभूमीचा गौरव होयच. त्याबरोबरच या रंगभूमीचे बळ कोठे आहे, याचीही ती साक्ष आहे, असे म्हणता येईल.

येथे झाडीपट्टीच्या नाटककारांनाही प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. आपल्या बोलीला हास्याच्या कोपऱ्यात बसविण्याचे काम शहराने केलेले नाही. ते येथील संहितांनीच केले आहे. झाडीबोलीत शोकांतिका लिहिली जाईल, तेव्हाच येथील नटाच्या संपूर्ण क्षमतेची परीक्षा होईल.

स्त्री-नटांचा प्रश्न

दंडारीत आणि सुरुवातीच्या गावनाटकांत स्त्रीभूमिका पुरुष करीत. बालगंधर्वांच्या काळातील नागर रंगभूमीवरही तीच रीत होती. पुढे झाडीपट्टीत स्त्रिया रंगमंचावर आल्या. परंतु त्या प्रामुख्याने नागपूर आणि अन्य शहरांतून आल्या. काहींची पार्श्वभूमी शहरातील हौशी नाटकांची, काहींची वाद्यवृंदाची, तर काहींची नृत्यपथकाची होती. म्हणजे एकाच रंगमंचावर दोन भिन्न पार्श्वभूमींचे नट उभे राहिले : गावाच्या तालमीतून आलेला पुरुष आणि शहराच्या वाटेने आलेली स्त्री.

या भिन्नतेचा प्रयोगावर परिणाम झाला. शहरातून आलेल्या अभिनेत्रीचे प्रमाण मराठी उच्चार सहज असतात, तिची लकब चित्रपट आणि दूरचित्रवाणीला जवळची असते. समोरचा नट आपल्या नाट्यधर्मी पद्धतीने तिला उत्तर देतो. जेथे दोघांनी परस्परांशी जुळवून घेतले तेथे एक वेगळाच गोडवा निर्माण होतो. जेथे ते घडत नाही तेथे एका प्रवेशात दोन नाटके चालल्यासारखी वाटतात. हा दोष व्यक्तीचा नसून तालमीच्या अभावाचा आहे.

याहून गंभीर मुद्दा असा की, मंडपात मोठ्या संख्येने बसणारी गावातील स्त्री अपवाद वगळता रंगमंचावर आली नाही. भजन, लग्नगीते, जात्यावरच्या ओव्या यांतून घडलेली तिची वाणी पुरुषाच्या वाणीइतकीच समृद्ध आहे. तरीही ती रंगमंचापर्यंत पोहोचू शकली नाही. लोकलज्जा, रात्रीचा प्रवास आणि अभिनेत्रीकडे पाहण्याची समाजाची दृष्टी ही त्याची कारणे उघड आहेत. नाटकातील सोशिक स्त्रीच्या दुःखावर अश्रू ढाळणारे गाव आपल्या लेकीला त्या भूमिकेत पाहण्यास तयार नसते. ही विसंगती नोंदविल्याशिवाय झाडीपट्टीला 'लोकांची रंगभूमी' म्हणणे अपुरे ठरेल.

गावमंडळ ते कंपनी : पार्श्वभूमीची झीज

गेल्या काही दशकांत झाडीपट्टीच्या नाटकाचे केंद्र गावमंडळाकडून कंपनीकडे सरकले. गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, म्हणजेच वडसा, हे या कंपन्यांचे मुख्य ठिकाण बनले. गावातील आयोजक वडशाला जातात, नाटक ठरवितात, रक्कम ठरवितात. ठरल्या रात्री कंपनीचे नट वाहनाने येतात, रंगभूषा करतात, प्रयोग करतात आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी जातात. या बदलाने नटाला रात्रीगणिक मोबदला मिळू लागला, कलेवर काही महिने पोट भरू लागले, ही गोष्ट कमी महत्त्वाची नाही. गावमंडळाच्या काळातील हौसेचे केवळ गुणगान करणे हे नटाच्या पोटाचा विचार न करण्यासारखे होईल.

परंतु या बदलाची दुसरी बाजूही आहे. कंपनीला तयार नट हवा असतो; नट तयार करण्याची जबाबदारी ती सहसा घेत नाही. पूर्वी गावाच्या तालमीत मुख्य भूमिका करणाऱ्या नटाबरोबर पाच-दहा मुले लहान भूमिका करीत, पडदे ओढीत, टाळ धरीत शिकत असत. नाटक बाहेरून आल्यावर गाव आयोजक आणि प्रेक्षक झाले. शिकण्याची जागा नाहीशी झाली. दंडारीचे आणि खडी गंमतीचे फड विरळ होत गेले. नव्या नटासमोर आदर्श उरला तो पडद्यावरच्या नटाचा. पडद्यावरील अभिनय कॅमेऱ्याच्या जवळिकीसाठी घडलेला असतो. हजारोंच्या मंडपात त्याची नक्कल पोकळ ठरते. अशा रीतीने दंडारीचे अंग आणि भजनाचा सूर नसलेला, तालीमही न मिळालेला नट प्रॉम्प्टरच्या भरवशावर उभा राहतो. 'अप्रशिक्षित' हे विशेषण जुन्या नटाला लावणे अन्यायकारक होते. नव्या नटाच्या बाबतीत ते खरे ठरण्याचा धोका निर्माण झाला आहे.

या संदर्भात नाटकाच्या हँडबिलाचे उदाहरण बोलके आहे. हँडबिलावर नटाची ओळख त्याच्या गाजलेल्या भूमिकेच्या किंवा एखाद्या चित्रपट-मालिकेच्या नावाने करून दिली जाते. तो कोणत्या गावच्या दंडारीत नाचला, कोणत्या शिक्षकाने त्याचे पाठांतर घेतले, याचा उल्लेख तेथे असण्याचे कारण नाही. परंतु अन्यत्रही तो कोठे नसतो. हँडबिल हाच त्याच्या आयुष्याचा एकमेव लेखी पुरावा ठरतो, आणि तो कागद हंगामाबरोबर नष्ट होतो. वृद्ध कलावंतांसाठी शासनाची मानधन योजना आहे; तिच्यासाठी अर्ज करताना कलाक्षेत्रातील कार्याचे पुरावे जोडावे लागतात. ज्याने उभी हयात रात्री जागवून नाटके केली, त्याच्याजवळ वृद्धापकाळी दाखविण्यासाठी चार कागद नसतील, तर रंगपार्श्वभूमीचा प्रश्न केवळ समीक्षेचा राहत नाही. तो त्याच्या भाकरीचा प्रश्न होतो. २०२० साली करोना महासाथीमुळे रंगमंच बंद झाले, तेव्हा हंगामी कलावंतांच्या उपजीविकेची ही नाजूक अवस्था प्रकर्षाने समोर आली.

अलीकडे बाहेरच्या जगाचे लक्ष या रंगभूमीकडे वळले आहे. २०२२ साली प्रदर्शित झालेला 'झॉलीवूड' हा मराठी चित्रपट याच विषयावर आहे. असे लक्ष स्वागतार्ह असले, तरी त्यात बहुधा कंपन्यांच्या उलाढालीचे आणि गर्दीचे कौतुक अधिक असते. 'झाडीवूड' यासारखे शब्द रूढ होऊ लागले, की या रंगभूमीचे मोजमाप चित्रपटसृष्टीच्या मापाने होऊ लागते. झाडीपट्टीच्या नटाला दुसऱ्या कोणाची प्रतिकृती म्हणून ओळखले जाणे हेही त्याची पार्श्वभूमी पुसण्यासारखेच आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. झाडीपट्टीच्या नटाचे शिक्षण दंडार, खडी गंमत, भजन-कीर्तन-जलसा आणि गावाच्या तालमी यांतून झालेले आहे. त्याला अप्रशिक्षित म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही.

२. त्याच्या अभिनयाचे मूल्यमापन नाट्यधर्मी संकेतांच्या आधारे, मंडप, ध्वनिक्षेपक, प्रॉम्प्टर आणि रात्रभराचा प्रयोग यांचा विचार करूनच झाले पाहिजे. असे मूल्यमापन दोषांवर पांघरूण घालीत नाही. उलट खरे दोष नेमके दाखवून देते.

३. झाडीबोलीला विनोदापुरते मर्यादित करणे आणि गावातील स्त्रीला रंगमंचापासून दूर ठेवणे, या या रंगभूमीच्या स्वतःच्या मर्यादा आहेत. त्यांची जबाबदारी शहरी उपेक्षेवर टाकता येणार नाही.

४. कंपनीपद्धतीने नटाला मोबदला दिला, परंतु नट घडविणाऱ्या व्यवस्थेची जागा घेतली नाही. ही पोकळी भरून न निघाल्यास पुढील पिढीत प्रयोग राहतील, पण परंपरेत मुरलेला नट दुर्मीळ होईल.

या बाबतीत पूर्व विदर्भातील महाविद्यालयांना करता येण्यासारखे बरेच आहे. २०११ साली गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठाची स्थापना झाली. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत. या महाविद्यालयांत शिकणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरात किंवा शेजारात एखादा जुना नट, प्रॉम्प्टर, ऑर्गनवादक किंवा पडदे रंगविणारा कारागीर सापडेल. मराठी विभागाच्या प्रकल्पकार्यात त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करणे, हस्तलिखित संहिता व हँडबिले जमविणे, प्रत्येक नटाची रंगपार्श्वभूमी तारीखवार नोंदविणे, हे काम फारशा खर्चाविना होऊ शकते. अशा नोंदींचा उपयोग अभ्यासकाला होईल, मानधनासाठी अर्ज करणाऱ्या वृद्ध नटाला होईल, आणि रंगमंचावर प्रथमच पाऊल ठेवणाऱ्या मुलाला आपल्याआधी येथे कोण उभे होते हे कळेल. जुने नट हयात आहेत तोपर्यंतच हे काम करता येण्यासारखे आहे.